सीट धरायचीच कशाला?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायकल शिकणाऱ्या लेकीची आणि मागून धावणाऱ्या बापाची कविता वाचली. 'धरलंय, धरलंय' म्हणत बाप गुपचूप सीट सोडतो आणि लेक पुढे निघून जाते, ते सुरेख उतरलं आहे. मैदानावर मात्र नेमकी तिथेच मुलं पडतात. बाबांचा आवाज लांब गेला की मूल मागे पाहतं. मानेमागून खांदा वळतो, खांद्यामागून हँडल, आणि सायकल आडवी.

सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, तोल म्हणतात तो एवढाच. कोणी सीट आवळून धरली तर सायकल कलतच नाही, मग हातांना ते कळणार कसं? साइडव्हीलचंही तेच. ती काढाच, आणि सोबत दोन्ही पायडलंही काढा. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. उलटा जोर लावाल तर आणखी घट्ट बसेल.

सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतील. टेकत नसतील तर सायकल मोठी आहे. वाढत्या अंगाचा फ्रॉक घ्यावा, सायकल घेऊ नये.

जागा गुळगुळीत, अगदी किंचित उताराची हवी. वाळूत चाक रुततं. आधी सीटवर बसून नुसतं चालायचं, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून पाच आकडे मोजायचे. नजर चाकावर नको, दहा-पंधरा पावलं पुढे हवी. वळणावरही पाच आकडे निघाले की पायडलं परत बसवा: 'एल' कोरलेलं डावीकडे, 'आर' उजवीकडे. निघताना एक पायडल पुढे, वरच्या अंगाला आणून जोरात दाबायचं. भीत भीत निघालेली सायकल जास्त डुगडुगते. ब्रेकपर्यंत बोटं पोचतात ना, हे आधीच पाहावं.

आधार द्यायचाच तर पाठीवर हलका हात ठेवावा, आणि 'सोडतोय' असं सांगून काढावा. कवितेतल्या बापाने असं केलं असतं तर शेवटचं कडवं हातचं गेलं असतं, हे मान्य.

— सायकल शिकवणारे काही जण, पुणे