सांडपाण्याचे आकडे नदीकाठच्या गावांनाही कळावेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उद्योगांनी पर्यावरण जपण्यासाठी संपर्क तंत्रज्ञान वापरावे असे म्हटले की चर्चा बहुधा ऑनलाइन बैठका, ईमेलवरची बिले आणि वाचलेला कागद यांच्यापलीकडे जात नाही. तेही हवेच. पण ज्या राज्यात वाशिष्ठी, सावित्री, उल्हास यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत रासायनिक कारखाने उभे आहेत, त्या राज्यात या तंत्रज्ञानाचा खरा उपयोग कारखान्याच्या सांडपाण्याच्या नाल्यावर आहे, आणि तिकडे आपले पुरेसे लक्ष नाही, असे मला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात नोकरी केलेला माणूस म्हणून कळकळीने वाटते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये साखर, मद्यार्क, औषधे, रंग, कागद अशा अतिप्रदूषणकारी 17 गटांतील उद्योगांना सांडपाणी आणि धूर यांची अखंड मोजणी करणारी ऑनलाइन यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू, त्यातील सेंद्रिय भार, तरंगते घनकण आणि प्रवाह यांचे आकडे डेटा लॉगर या नोंद ठेवणाऱ्या उपकरणातून थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. याचे महत्त्व जुन्या पद्धतीशी ताडून पाहिले म्हणजे पटते. आपल्याकडे बीओडीची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात याची, प्रचलित चाचणी 27 अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवस चालते. म्हणजे सोमवारी भरलेल्या बाटलीचा निकाल गुरुवारी हाती येतो आणि तोवर ते पाणी केव्हाच खाडीला मिळालेले असते. ऑनलाइन सेन्सरचा आकडा हा प्रयोगशाळेइतका काटेकोर नसून अंदाज असतो हे खरे, परंतु पाणी आवारात असतानाच तो अंदाज मिळतो, म्हणून त्याचे मोल अधिक.

मात्र हा आकडा मंडळाला पाठवायचा म्हणून पाठवला जातो तेव्हा त्याचे निम्मे सामर्थ्य वाया जाते. तो सर्वांत आधी पाळीवरच्या ऑपरेटरच्या मोबाईलवर यायला हवा, कारण व्हॉल्व्ह त्याच्या हातात असतो. मर्यादा ओलांडण्याच्या बऱ्याच आधी त्याला इशारा मिळाला, तर तो पाणी बाहेर न सोडता पुन्हा साठवण टाकीत वळवू शकतो आणि उत्पादन विभागाला विचारू शकतो की आत्ता कोणत्या रिअ‍ॅक्टरची, म्हणजे रसायने बनवणाऱ्या टाकीची, धुलाई चालू आहे. यात कारखान्याचाही फायदा आहे. पाण्यातील घाण जिवाणूंकडून खाववून घेणाऱ्या जैविक प्रक्रियेत हवा पुरवणारे ब्लोअर हे प्रकल्पाच्या वीजबिलातील सर्वांत मोठे कलम असते. टाकीतील विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा पाहून त्यांचा वेग कमीजास्त केला तर वीज वाचते आणि जिवाणूही तगतात. सेन्सरची निगा हे तर कंटाळवाणे पण निर्णायक काम आहे. घाण पाण्यात रात्रंदिवस बुडालेल्या त्याच्या काचेवर बुळबुळीत थर चढतो आणि आकडा नकळत सरकत जातो. ती काच पुसून, प्रमाणित द्रावणात तपासून नोंद ठेवणारा माणूस नेमलेला नसेल तर महागडी यंत्रणा निरुपयोगी ठरते.

दुसरा हक्क नदीकाठच्या गावांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 च्या निकालात असे आकडे राज्य मंडळांच्या पोर्टलवर जनतेला पाहता येतील अशी व्यवस्था करण्यास सांगितले होते. पण मासेमारी करणाऱ्या किंवा नदीचे पाणी शेताला घेणाऱ्या माणसाला तांत्रिक इंग्रजी संज्ञांनी भरलेल्या पानाचा काय उपयोग? त्याला त्याच्या नदीच्या नावाने शोधता येणारे मराठी पान हवे, ज्यावर मर्यादा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी असतील, मागील महिन्यांच्या नोंदी राहतील, आणि माहिती बंद पडली असेल तर किती वेळ व कोणत्या कारणाने हेही लिहिलेले असेल. ही शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गैरप्रकाराचा संशय बहुतेक वेळा कोऱ्या जागेतूनच उत्पन्न होतो आणि प्रामाणिक कारखानदारही त्यात भरडला जातो.

सुरतमध्ये 2019 पासून धुराड्यांवरील अशाच अखंड मोजणीच्या आधारे धूलिकण उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार (ठरलेल्या एकूण मर्यादेत कारखाने हे परवाने आपसांत विकत घेतात व विकतात) चालवला गेला आणि त्यात सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन सुमारे 20 ते 30 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्या राज्यानेही 2017 मध्ये धुराच्या मोजणीवरून उद्योगांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्याची योजना सुरू केली होती. तीच पद्धत सांडपाण्याला लावावी, तिची सुरुवात कोकणातील रासायनिक वसाहतींपासून करावी आणि पहिल्या वर्षी केवळ सेन्सरची निगा व माहितीचे सातत्य यांवरच तारे द्यावेत, अशी राज्य मंडळाला आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सांडपाणी प्रकल्प पर्यवेक्षक