हौशी खेळाडूंच्या डावांचेही विश्लेषण छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर बुद्धिबळातील ग्रँडमास्टरांचे डाव छापले जातात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या भागातली शाळकरी मुलेही ते आवर्जून वाचतात. मात्र त्या डावांतली चूक इतकी सूक्ष्म असते की नवख्याला ती दाखवूनही दिसत नाही. म्हणून कधीतरी एखाद्या हौशी खेळाडूचा डाव, त्यातल्या चुकांच्या कारणांसह, छापावा अशी विनंती आहे.

माझ्याच एका स्पर्धेतील डावाचे उदाहरण देतो. (पटावरच्या उभ्या पट्ट्या ए ते एच आणि आडव्या १ ते ८ अशा मोजतात.) काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला होता, म्हणजे राजा जी८ वर आणि हत्ती एफ८ वर नेला होता, आणि एफ६ वरचा त्याचा घोडा माझ्या ई५ च्या प्याद्याने हुसकावला होता. मी एच७ वर उंटाचा बळी दिला. राजाने उंट मारला, माझ्या घोड्याने जी५ वरून शह दिला, राजा जी८ वर परतला आणि माझा वजीर एच५ वर आला. सतराव्या शतकातील इटालियन खेळाडू ग्रेकोच्या काळापासून चालत आलेला हा हल्ला सहसा लागू पडतो तो काळ्याचे प्यादे ई६ वर असताना, कारण त्यामुळे सी८ चा उंट कोंडलेला असतो. इथे ई६ रिकामे होते. तो उंट एफ५ वर येऊन एच७ राखू शकत होता, हे मी पाहिलेच नाही.

प्रतिस्पर्ध्यालाही ते दिसले नाही. राजाला वाट करून देण्यासाठी त्याने हत्ती ई८ वर नेला. आता वजिराने आधी एफ७ चे प्यादे शहासह मारायचे, मग एच५, एच७, एच८ असे शह देत राजाला ई७ वर आणायचे आणि जी७ चे प्यादे मारून मात करायची, इतके ते सरळ होते. एफ७ मोकळे झाल्याने सातवी पट्टी वजिराच्या माऱ्यात आली असती. मी उतावीळपणे थेट एच७ वर शह दिला. एफ७ चे प्यादे जागेवरच राहिले, त्याच्या आडोशाने राजा ई७ वरून डी७ वर निसटला आणि पुढे मी डाव हरलो.

मोबाइलवरील इंजिनने (चाली तपासणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमने) या तिन्ही चुकांवर बोट ठेवले, योग्य चालीही दाखवल्या, पण कारण एकाचेही सांगितले नाही. ई६ च्या रिकाम्या घराचे महत्त्व मला आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ खेळाडूने लाकडी पटावर मोहरी मांडून समजावले. जगज्जेता बोत्विन्निकही खेळाडूने स्वतःच्या डावांचे विश्लेषण करून ते प्रसिद्ध करावे, इतरांच्या टीकेला सामोरे जावे, असा आग्रह धरत असे. तशी जागा आपल्या पानावर महिन्यातून एकदा मिळाली तरी गावोगावच्या खेळाडूंचा मोठा लाभ होईल. वरील डावाची संपूर्ण नोंद सोबत जोडली आहे.

आपला नम्र,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली