अणुकेंद्र उकळते, पण पाण्यासारखे नाही

महोदय,

अणुकेंद्राच्या ‘उकळण्या’विषयी, म्हणजे तापून द्रवासारख्या अवस्थेतून वायूसारख्या अवस्थेत जाण्याविषयी, लिहिताना चहाच्या आधणाची उपमा हमखास येते. उपमा चांगली, पण अर्धीच. पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर बुडवता येतो. सोन्याच्या केंद्रकात असतात अवघे १९७ कण (प्रोटॉन व न्यूट्रॉन), आणि तेही क्षणार्धात विखुरतात. मग तापमान मोजायचे कसे? बाहेर पडलेल्या तुकड्यांवरून. हेलियम-३ व ४ यांच्या संख्यांचे एक आणि लिथियम-६ व ७ यांच्या संख्यांचे दुसरे, अशा दोन गुणोत्तरांच्या गुणोत्तरातून तापमान काढतात.

जर्मनीत डार्मश्टाट येथे सोन्यावर सोने आदळून केलेल्या आणि १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दर कणामागे उत्तेजन ऊर्जा (केंद्रकात शिरलेली जादा ऊर्जा) ३ पासून १० एमईव्हीपर्यंत (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक; तापमानही त्यातच सांगतात) वाढली, तरी तापमान ५ एमईव्हीच्या आसपासच रेंगाळले. म्हणजे सुमारे ५,८०० कोटी केल्विन! उकळत्या पाण्याप्रमाणे ऊर्जा वाढूनही तापमान स्थिर, म्हणजे आलेखात सपाट रेषा, दिसली की अवस्थांतर (द्रवाचा वायू होणे), असा निष्कर्ष मोहक खरा. पण खाचखळगे इथेच आहेत. तप्त तुकडे नंतरही हेलियम-४ सोडत राहतात, त्यामुळे गुणोत्तर बिघडते आणि तशी दुरुस्ती करावी लागते. शिवाय प्रोटॉनांचे परस्पर अपकर्षण केंद्रक लवकर फोडते. पाण्याच्या थेंबाला ही भानगड नसते.

तुकड्यांचे वस्तुमान वाढते तशी त्यांची संख्या वस्तुमानाच्या एका ठरावीक घातानुसार घटते; हा घातनियमही उकळण्याचा एकटा पुरावा ठरत नाही. घातांक (तो घात) २ ते २.५च्या दरम्यान आला, तरी कणांमधले बंध निव्वळ यादृच्छिकपणे तोडणारे पाझर-प्रारूपही (एक गणिती नमुना, ज्यात द्रव-वायू असे काही नसते) जवळपास तेवढाच देते. समोरासमोरच्या आणि ओझरत्या टकरी एकत्र मोजल्या, तरी तसाच आभास होतो. म्हणून टकरी आधी वेगळ्या कराव्यात, आलेख नंतर काढावा.

– पदार्थविज्ञानाचे एक अध्यापक, पुणे