आधी उलटा हिशेब, मग गजर

चि. सायली हीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी ऐरोलीला रुजू व्हायचंय, साडेनऊला. मी तेव्हा नाशिकला मामाकडे असेन, म्हणून लिहून ठेवते. ‘वरातीमागून घोडं’, ‘बैल गेला नि झोपा केला’ हे आजीने फोनवर ऐकवलंच असेल. उशीर झाल्यावर टोमणा मारायला या म्हणी उत्तम, पण वेळेवर निघायचं कसं ते त्यातली एकही सांगत नाही. त्याला उलटा हिशेब लागतो.

साडेनऊ म्हणजे गेटवर 9:20. नोंदवही, पास, लिफ्टची रांग यात दहा मिनिटं जातातच. ऐरोली स्टेशनवरून चालत दहा, ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे ते ऐरोली दहाएक, म्हणजे नऊची गाडी. वाशी, नेरूळ, पनवेल, कुठलीही लागलेली असो, ऐरोलीला थांबतेच. इंडिकेटर वाचत उभी राहू नकोस, चढ. एखादी सुटलीच तर दहा मिनिटं आणखी धर, 8:50. रिक्षा ठाणे पश्चिमेला सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनसमोरच्या बसच्या पुलाखाली सोडते आणि आपली गाडी 9-10 नंबरला. पुलावरून जवळजवळ अख्खं स्टेशन ओलांडायचं, गर्दीत आठ मिनिटं. झाले 8:42.

आता घर ते स्टेशन, म्हणजे पातलीपाडा ते ठाणे. रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं, कापूरबावडीला ट्रॅफिक तुंबला तर पाऊण तास. लोक पंचवीसच धरतात, कारण एकदा कधीतरी तेवढ्यात पोचलेले असतात. गाडीच्या दहाचे फार तर बारा होतील. रस्त्याच्या पंचवीसचे पंचेचाळीस होतात. म्हणून जादा वेळ रस्त्यासाठी राखायचा. रिक्षा मिळेपर्यंतची पाच-सात मिनिटं धरून 7:50ला बाहेर पड.

बाहेर म्हणजे पायात चपला आणि दाराला कुलूप. आंघोळ उरकून केस विंचरत असणं नव्हे. मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन संच, फोटो हे रात्रीच पिशवीत जाऊ देत. रेल्वेचा पास रविवारीच काढ, सोमवारी सकाळी खिडकीवर रांग असते. आणि घड्याळ पाच मिनिटं पुढे लावायच्या फंदात पडू नकोस. दोन दिवसांत मन ती पाच मिनिटं आपोआप वजा करायला लागतं.

‘आपल्याकडे असंच चालतं’ म्हणणारे भेटतील. लग्नात मुहूर्त टळून गेल्यावर हॉलमध्ये शिरणारी हीच मंडळी रोज ‘आठ बाराची फास्ट’ म्हणतात. सव्वाआठची कुणी म्हणत नाही. मुहूर्तही मुळात ढिला नव्हताच. तो ज्यावर मोजायचे ते घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली वाटी. पाण्यावर सोडली की 24 मिनिटांत भरून बुडणार. भोक कमी-जास्त झालं की घटका चुकली, इतकं ते काटेकोर.

सगळं सुरळीत झालं तर नऊच्या सुमारासच पोचशील. लगेच वर जाऊ नकोस. अर्धा तास आधी आलेल्या माणसाला बसवायचं कुठे, हा रिसेप्शनवरच्या मुलीला प्रश्न पडतो, आणि साहेबही मीटिंगमध्ये असतात. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण इथे मात्र खरी. खाली टपरीवर चहा घे, 9:20ला आत जा.

डब्यासाठी कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवली आहे.

तुझी,
आई