हुतात्मा चौकातली नावे मोठ्याने वाचा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

दर १ मे आणि २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात. मग ताफा निघून जातो आणि चौक पुन्हा फोर्टातल्या रहदारीचा होतो. चर्चगेटहून ऑफिस गाठणाऱ्यांना मशाल धरलेले ते शेतकरी-कामगार म्हणजे वळणाची खूण. लोक फोटो काढतात ते शेजारच्या १८६४ सालच्या कारंज्याचे, म्हणजे फ्लोरा फाउंटनचे.

एरवी या स्मारकाची आठवण निघते ती भाषेचा वाद पेटला की. ‘१०५ हुतात्म्यांच्या रक्ताने मिळालेली मुंबई’ म्हणायचे आणि लगेच परप्रांतीयांना दम भरायचा. साहेब, माझी तक्रार या अर्थाबद्दल आहे. हुतात्म्यांची यादी एकदा वाचा. सीताराम बनाजी पवार, धर्माजी गंगाराम नागवेकर यांच्या सोबतीला त्यात जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल डी. शेठ, के. जे. झेवियर, वेदीसिंग, करपैया किरमल देवेंद्र, मुनीमजी बलदेव पांडे आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सगळ्या मुंबईने गोळ्या झेलल्या. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच फ्लोरा फाउंटनवर १५ जण गेले. त्यांचे नाव घेऊन कुणाला हुसकावणे हा त्यांचा अपमान आहे, आणि तो आम्ही मराठी माणसांनीच थांबवला पाहिजे.

आकडाही कुठे १०५, कुठे १०६, तर कुठे १०७ छापला जातो. राज्य ज्यांच्यामुळे मिळाले त्यांची गणती तरी सरकारने एकदा पक्की करावी.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक हुतात्म्याचे वय, गाव, कामधंदा, गोळी कुठे लागली, हे पोलीस दप्तर, इस्पितळांच्या नोंदी, तेव्हाची वर्तमानपत्रे आणि वारसांकडून गोळा करा. चौकात उभ्याने वाचता येईल असा फलक मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि इंग्रजीत लावा. घाई याची आहे की १९५५ साली विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत.

स्मारकाचा अर्थ बदलता येतो. जवळच काळा घोड्याला राजा एडवर्डचा पुतळा होता. तो १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना घोडा उभा राहिला.

येत्या २१ नोव्हेंबरला भाषणे नकोत. सगळी नावे एकेक करून वाचली जावीत, आणि पहिले नाव आपण वाचावे.

आपला,
एक मुंबईकर