गाठीत सापडलेला जनुकीय बदल वारशाचाच असतो असे नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्करोग आणि जनुके यांविषयी आपल्या आरोग्यविषयक पानावर सातत्याने मजकूर येत असतो, याचे एक वाचक म्हणून समाधान वाटते. मात्र ‘टीपी-५३’ या जनुकाचा उल्लेख आला की एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते आणि तेवढ्यामुळे रुग्णांच्या घरात नाहक भीती शिरते. गाठीच्या तपासणीत या जनुकात बदल आढळला, म्हणजे तो आई-वडिलांकडून आला असणार आणि मुलाबाळांपर्यंत पोहोचला असणार, असा अर्थ अनेक जण लावतात. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तो अर्थ चुकीचा असतो. मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून बायोप्सीचे रिपोर्ट देते आणि ‘मग आता माझ्या मुलीचीही तपासणी करून घ्यायची का?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकते, की हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

टीपी-५३ हे जनुक प्रत्येक माणसाच्या शरीरात असते. सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर त्याचे स्थान आहे आणि आपल्या पेशींत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यापासून तयार होणारे पी-५३ हे ३९३ अमिनो आम्लांचे प्रथिन कर्करोग घडवत नाही, तो होऊ नये म्हणून काम करते. निरोगी पेशीत ते अगदी थोडे असते, कारण एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला तयार होताच विघटनाकडे पाठवत राहते. किरणोत्सर्गाने किंवा एखाद्या रसायनाने डीएनएला इजा झाली, की पी-५३वर फॉस्फेटचे गट जोडले जातात, एमडीएम-२ची पकड सुटते आणि पेशीकेंद्रकात ते साचू लागते. त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि इतर जनुकांना कामाला लावतात. त्यांपैकी पी-२१ या जनुकामुळे पेशीचे विभाजन थांबते आणि दुरुस्तीला अवसर मिळतो. इजा दुरुस्तीपलीकडची असेल, तर प्यूमा आणि बॅक्स यांसारखी प्रथिने त्या पेशीला मृत्यूकडे नेतात. शरीराच्या दृष्टीने खराब डीएनए घेऊन वाढणाऱ्या पेशीपेक्षा मेलेली पेशी केव्हाही बरी.

या प्रथिनाची भूमिका ओळखण्यात सुरुवातीला संशोधकांचीही गफलत झाली होती. १९७९ मध्ये डेव्हिड लेन, अर्नोल्ड लेव्हिन आणि इतरही काही संशोधकांच्या गटांना ते स्वतंत्रपणे सापडले, तेही एसव्ही-४० या विषाणूच्या एका प्रथिनाला चिकटलेल्या अवस्थेत. पुढची जवळजवळ दहा वर्षे ते कर्करोगाला चालना देणारे प्रथिन मानले गेले, कारण प्रयोगशाळांमध्ये वापरात असलेल्या जनुकाच्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या आणि हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. १९८९ मध्ये बर्ट फोगेलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या गाठींचा अभ्यास करून दाखवले, की या गाठींमध्ये टीपी-५३ची एक प्रत नाहीशी झालेली असते आणि उरलेली बिघडलेली असते. त्याच सुमारास लेव्हिन यांच्या गटाने निर्दोष जनुक पेशींचे कर्करोगी रूपांतर रोखते हे सिद्ध केले, आणि चित्र पूर्णपणे पालटले.

माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते. अंडाशयाच्या कर्करोगाच्या एका सामान्यपणे आढळणाऱ्या उग्र प्रकारात तर ते जवळपास प्रत्येक गाठीत बिघडलेले असते. ही संख्या वाचून वाचकाला वारशाची शंका येणे स्वाभाविक आहे. पण बहुतेक रुग्णांत हा बिघाड जन्मानंतर, आयुष्याच्या ओघात, शरीरातल्या एखाद्याच पेशीत झालेला असतो आणि त्या पेशीच्या वंशजांपुरता, म्हणजे गाठीपुरता, मर्यादित राहतो. रुग्णाच्या इतर अवयवांत, त्याच्या शुक्रपेशींत किंवा तिच्या अंडपेशींत तो नसतो, मग अपत्यांकडे जाणार कसा?

याचा सर्वांत पटणारा पुरावा बिघाडाच्या स्वरूपातच मिळतो. धान्यावर आणि शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. जिथे ते अन्नातून मोठ्या प्रमाणात पोटात जाते आणि हिपॅटायटिस बीचाही प्रादुर्भाव आहे, तिथल्या यकृताच्या कर्करोगांत, प्रथिनाचे २४९वे अमिनो आम्ल ठरवणाऱ्या टीपी-५३मधल्या जागी, ठरावीक एका अक्षराचा (डीएनएची लिपी ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांची असते) बदल पुनःपुन्हा आढळतो. त्वचेच्या अनेक कर्करोगांत शेजारीशेजारी असलेली दोन ‘सी’ अक्षरे बदलून त्या जागी दोन ‘टी’ आलेली दिसतात, आणि ही खूण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांची आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींत ‘जी’च्या जागी ‘टी’ येण्याचे प्रमाण ठळकपणे जास्त असते, आणि तंबाखूच्या धुरातले बेंझोपायरीन हे रसायन नेमक्या अशाच जागी डीएनएला चिकटते, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. अशी खूण गाठीत सापडली, तर तिचा उगम पूर्वजांत शोधण्यापेक्षा धुरात, बुरशीत आणि उन्हात शोधणे अधिक सयुक्तिक आहे. (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट आणखी निराळी. तिथे जनुक बहुधा शाबूत असते. एचपीव्ही विषाणूचे ई-६ हे प्रथिन तयार झालेल्या पी-५३चाच नाश घडवून आणते.)

आता रिपोर्टमधल्या ‘पी-५३ पॉझिटिव्ह’ या नोंदीविषयी, कारण सर्वाधिक गोंधळ तिच्यामुळेच होतो. ही नोंद बहुतेक वेळा जनुकाची अक्षरे वाचून केलेली नसते. गाठीच्या पातळ कापावर पी-५३ला चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) सोडले जाते आणि जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली जनुक शाबूत असलेल्या गाठीत काही केंद्रके फिकट, काही मध्यम, एखाददुसरे गडद आणि बाकीची निळसरच, असे संमिश्र दृश्य असते. जनुकात एका अमिनो आम्लाची अदलाबदल घडवणारा बिघाड असेल, तर जवळजवळ सगळीच केंद्रके गडद तपकिरी दिसतात. याचे कारण असे, की एमडीएम-२ तयार करण्याचा आदेशही पी-५३च देत असते. बिघडलेल्या पी-५३ला तो देता येत नाही, त्यामुळे त्याचा निचरा होत नाही आणि ते निकामी अवस्थेत साचत जाते. जनुक पार मोडून गेले असेल, तर गाठीच्या पेशींत रंग अजिबात नसतो आणि आजूबाजूच्या निरोगी पेशींत मात्र तो फिकट का होईना दिसतो. म्हणजे गडद रंग आणि रंगाचा पूर्ण अभाव, या दोन्ही टोकांना बिघाडच सूचित होतो, आणि नुसते ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढे लिहून काहीच उलगडत नाही. तपासणी उपयोगाची आहे, यात शंका नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा प्रकार ठरवताना ती मोलाची माहिती देते. परंतु हा रंग वारशाविषयी काहीही सांगत नाही.

वारशाने येणारा टीपी-५३चा दोषही असतो आणि तो दुर्मिळ असला, तरी गंभीर असतो, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये अशा कुटुंबांचे वर्णन केले आणि त्यामागे हे जनुक असल्याचे १९९० मध्ये उघड झाले. अशा कुटुंबांत हाडांचे आणि मऊ ऊतींचे कर्करोग (सार्कोमा), ऐन तरुणपणी होणारा स्तनाचा कर्करोग, मेंदूच्या गाठी आणि लहान मुलांत अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या बाह्यभागाचा कर्करोग असे निरनिराळे आजार कमी वयात आढळतात, आणि दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. काही रुग्णांत तो आई-वडिलांकडे नसून त्यांच्यात नव्यानेच उद्भवलेला असतो, त्यामुळे घराण्यात इतिहास नाही एवढ्यावरून त्याची शक्यता फेटाळता येत नाही. तो वेळीच कळला तर उपचारांची दिशा बदलते. शक्य असेल तिथे रेडिएशन टाळले जाते, कारण त्यातून नवी गाठ होण्याचा धोका असतो, आणि दरवर्षी संपूर्ण शरीराच्या एमआरआयसह नियमित तपासण्या ठेवल्या जातात. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यापर्यंत हे पोहोचायला हवे, म्हणूनच इतरांची भीती आधी दूर व्हायला हवी.

वारसा शोधायचा तर गाठीची तपासणी पुरत नाही; रक्ताचा किंवा लाळेचा नमुना घेऊन जनुक वाचावे लागते. त्यातही एक अडचण आहे. वय वाढेल तसे, आणि केमोथेरपी झालेल्यांत विशेष करून, रक्त तयार करणाऱ्या काही पेशींमध्ये टीपी-५३चे बदल नव्याने घडतात, आणि रक्ताच्या नमुन्यात ते वारशाच्या बदलासारखे भासू शकतात. शंका असल्यास त्वचेच्या पेशी वाढवून त्यांत तोच बदल आहे का, हे पाहिले जाते. शिवाय काही बदलांचा अर्थ आजच्या ज्ञानावर निश्चित करता येत नाही. तशी नोंद असलेल्या रिपोर्टवरून कोणी शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेऊ नये, आणि आनुवंशिक समुपदेशकाशी बोलल्याशिवाय भावंडांची व मुलांची तपासणी करून घेण्याची घाईही करू नये.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती अशी, की टीपी-५३ किंवा अशा कोणत्याही जनुकाविषयी बातमी देताना तो बदल गाठीत आढळला की रक्तात, हे एका वाक्यात अवश्य नमूद करावे. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे, की पी-५३च्या रंगाचे वर्णन ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर न थांबवता नेमके कोणते दृश्य दिसले ते लिहावे आणि त्याखालीच ‘या तपासणीवरून आनुवंशिकतेचा निष्कर्ष काढता येत नाही’ अशी ओळ छापावी. ज्या रुग्णाचे वय कमी आहे किंवा ज्याच्या कुटुंबात वर सांगितलेले कर्करोग झालेले आहेत, त्याच्या रिपोर्टमध्ये मात्र समुपदेशनाची शिफारस त्याच ओळीनंतर, ठळक अक्षरांत असावी.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट वाचक