दोनदा राष्ट्रपती, तेही हंगामी

संपादक महोदय,

'वरिष्ठ सभागृह म्हणजे पराभूतांची सोय' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवताना हा शेरा मीही ऐकला आणि खरं सांगायचं तर कधीकधी मारलाही. तेव्हा मला आलँ पोएर आठवतात.

फ्रान्सचे हे मध्यममार्गी सिनेटर शिक्षणाने खाण अभियंता. सेन नदीकाठच्या आब्लाँ या छोट्या गावाचे ते १९४५ ते १९८३ महापौर होते. १९६८ ते १९९२ सिनेटचे, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष झाले, तरी गावची खुर्ची त्यांनी लगेच सोडली नाही!

१९६९ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती द गॉल यांनी सिनेटला निव्वळ सल्लागार मंडळ करण्यासाठी सार्वमत घेतलं. पोएर विरोधात उभे राहिले. द गॉल हरले, पायउतार झाले आणि राज्यघटनेनुसार हंगामी राष्ट्रपतिपद आलं कोणाकडे? ज्यांच्या सभागृहाचे पंख छाटायचे होते, त्यांच्याकडेच. पुढच्या निवडणुकीत पोएर दुसऱ्या फेरीत पाँपिदूंकडून हरले. १९७४ मध्ये पाँपिदू पदावर असतानाच वारले, तेव्हा पुन्हा हंगामी राष्ट्रपती पोएरच.

माझ्या मते त्यांचं खरं काम १९७१ चं. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्यावर बंधनं आणणारा कायदा त्यांनी घटना परिषदेकडे, म्हणजे कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या संस्थेकडे, धाडला. परिषदेने त्यातली पूर्वपरवानगीची मुख्य तरतूद घटनाबाह्य ठरवली.

आपल्या विधान परिषदेवरच्या चर्चेत कधीतरी हेही नाव निघावं.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा